पान दाखव, मग सांगते: हॉर्सशू व्हेच ओळखायची कशी आणि लावायची कशी

मे महिना संपत आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिवळ्या फुलांचे फोटो यायला लागतात. कोणी दक्षिण इंग्लंडातल्या साउथ डाउन्स टेकड्यांवर चालायला गेलेलं असतं, कोणी मुलांना घेऊन बॉक्स हिलला. फोटोखाली प्रश्न असतो, "काकू, ही तुमची हॉर्सशू व्हेच का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पान दाखव, मग सांगते. दरवर्षी तेच ते टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

मी मूळची सातारची. आता बरीच वर्षं ससेक्समधल्या लुइस गावात राहते. गावाला लागूनच खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या, टेकड्या आहेत, आणि उन्हाळ्यात ड्यूटी नसेल त्या दिवशी मी तिथेच सापडते. हॉर्सशू व्हेच ही शेंगांच्या कुळातली, जमिनीलगत पसरणारी, वर्षानुवर्षं एकाच जागी जगणारी वनस्पती. खडू किंवा चुनखडीचा दगड जिथे मातीच्या अगदी जवळ आलेला असतो तिथेच ती वाढते, म्हणून मुख्यतः दक्षिण इंग्लंडात. स्कॉटलंडला सहलीला गेलात तर तिथे शोधत बसू नका. तिच्यामागे एवढं लागायचं कारण म्हणजे अडोनिस ब्लू आणि चॉकहिल ब्लू ही दोन निळी फुलपाखरं. या दोघांचे सुरवंट इथे हिच्याशिवाय दुसरं काहीही खात नाहीत.

कधी आणि कुठे जायचं

फुलं मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत असतात, पण मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा हा खरा बहर. तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेले उतार लांबूनच पिवळे दिसतात. शेंगा बघायच्या तर जूनच्या अखेरीनंतर जा.

ब्रायटनहून ७७ नंबरची बस डेव्हिल्स डाइकला जाते. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते आदल्या दिवशी बघा. लुइस स्टेशनला उतरलात तर गावातून चालत मॅलिंग डाउनला जाता येतं. ते ससेक्स वाइल्डलाइफ ट्रस्टचं राखीव क्षेत्र आहे आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम जागा. लंडनकरांना बॉक्स हिल सोपं, पण गर्दी नको असेल तर समोरच्या डेन्बीज हिलसाइडला जा. ब्रिस्टल, ग्लॉस्टरकडच्या मंडळींना स्ट्राउडजवळचं रॉडबरो कॉमन आहे. तिथे खडू नाही, कॉट्सवोल्डची चुनखडी आहे, पण व्हेचला त्याने फरक पडत नाही.

तिथे पोचल्यावर टेकडीचा माथा सोडा. माथ्यावर माती जाड असते, शिवाय वारा. उताराच्या मधोमध, जिथे मेंढ्यांच्या आडव्या पायवाटांच्या पायऱ्या पडल्या आहेत आणि मधूनमधून पांढरा खडू उघडा पडला आहे, तिथे शोधा. गवत तुमच्या घोट्याच्या वर येत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. गवतात मऊ मातीचे, वर थाइम उगवलेले उंचवटे दिसले तर खूश व्हा. ती पिवळ्या मुंग्यांची वारुळं. नांगर फिरलेल्या जमिनीवर ती अशी दाटीने उभी राहायला अनेक दशकं जावी लागतात, आणि हॉर्सशू व्हेचसुद्धा जुन्या, न नांगरलेल्या गवताचीच रहिवासी. तिचं बी पायाशीच पडतं, वाऱ्यावर उडत नाही. त्यामुळे एकदा उतार नांगरला की ती आपण होऊन परत यायला फार काळ लागतो.

ओळखायचं कसं

आधी खाली बसा. उभ्याने ओळखू येते म्हणणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांच्या वाटेला जात नाही. बसण्याआधी मात्र हात फिरवून घ्या, कारण याच गवतात ड्वार्फ थिसल नावाचा बिनदेठाचा काटेरी प्रकार जमिनीला चिकटून पसरलेला असतो. साडी असो की जीन्स, तो भेद करत नाही.

आता पान. एका बारीक शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या छोट्या भागांच्या, चार ते आठ जोड्या, आणि टोकाला एकटी एक. टोकाची पर्णिका बाकीच्यांएवढीच असते हे नीट बघा. वेलाला असतात तसे आधाराचे तणावे कुठेही नाहीत. एवढं जमलं तर तुमचं निम्म्याहून अधिक काम झालं.

फसवणारी पहिली म्हणजे बर्ड्सफूट ट्रेफॉइल. ही सगळीकडे असते, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानावर, आणि ग्रुपवर येणाऱ्या फोटोंतही बहुतेक वेळा हीच निघते. तिला पर्णिका पाचच: तीन टोकाला एकत्र, दोन अगदी देठाच्या बुडाशी. कळ्या आणि जुनी फुलं यांच्यावर तांबूस-नारिंगी झाक असते, म्हणून इंग्रज तिला लाडाने 'एग्ज अँड बेकन' म्हणतात. पण झाक नसलेलीही ट्रेफॉइल भेटते, आणि फोनचा कॅमेरा पिवळ्या रंगाचं काय करेल याचा नेम नाही. रंगावर विसंबू नका, पर्णिका मोजा.

दुसरी किडनी व्हेच. हिच्या फुलांचे गेंद दाट असतात आणि प्रत्येक फुलाच्या बुडाशी पांढरी लोकर असते, कापूस चिकटल्यासारखी. खालच्या पानांत टोकाची पर्णिका बाकीच्यांपेक्षा चांगली मोठी. स्मॉल ब्लू नावाच्या इवल्याशा फुलपाखराचा सुरवंट फक्त हिची फुलं आणि कोवळं बी खातो, तेव्हा ही सापडली तरी निराश व्हायचं कारण नाही.

तिसरी रॉकरोझ. ती या कुळातलीच नव्हे. पाच सुट्या पाकळ्या, इस्त्री न केलेल्या कागदासारख्या चुरगळलेल्या, आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. वाटाण्याचं फूल ज्याने पाहिलं आहे त्याचा इथे गोंधळ होऊ नये. काउस्लिप, हॉकबिट, बटरकप यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

पान जुळलं की फूल बघा. एका उंच देठाच्या टोकाला पाच ते आठ, कधी त्याहून जास्त फुलं गोलाकार रिंगणात लागतात. रंग स्वच्छ लिंबोळी पिवळा, वरच्या पाकळीवर कधी तपकिरी बारीक रेषा. या फुलाच्या पाकळ्या बुडाशी फार निमुळत्या असतात, त्यामुळे बाजूने पाहिलं की पाकळ्यांच्या मुळाशी फट दिसते. ट्रेफॉइलचं फूल त्यामानाने भरीव.

आणि शेवटचा, निर्विवाद पुरावा म्हणजे शेंग. दोन-तीन सेंटिमीटर लांब, तपकिरी, नागमोडी, आणि प्रत्येक वळण हुबेहूब घोड्याच्या नालाच्या आकाराचं. एका वळणात एक बी. पिकली की त्या नालांचे तुकडे सुटे होऊन पडतात. ट्रेफॉइलच्या शेंगा सरळ असतात आणि पक्ष्याच्या बोटांसारख्या फाकतात. जुलैत शंका उरायला जागाच नाही.

मला फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा: वरून संपूर्ण रोप, शेजारी नाणं ठेवून, एक पूर्ण पान, देठाच्या बुडापर्यंत, आणि फूल बाजूने. सूर्यास्ताचा नको.

ती तिथेच का

हे कळल्याशिवाय बागेत लावायच्या भानगडीत पडू नये, म्हणून थोडं सांगते. हा खडू म्हणजे क्रिटेशस काळातल्या उबदार समुद्राच्या तळाशी साचलेली सूक्ष्म शैवालांची कवचं. तो साचत होता तेव्हा आपल्या सह्याद्रीचा लाव्हा अजून बाहेरही पडला नव्हता; तो आला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, खडूचा काळ संपता संपता. खडूवरची माती चार बोटं जाड, अल्कधर्मी, पाणी झटकन खाली सोडणारी. स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, ते मुळांना सहज मिळत नाही. नत्र कमीच. अशा उपाशी जमिनीत दांडगी गवतं माजू शकत नाहीत, आणि म्हणून एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती दाटीवाटीने राहतात. व्हेचला नत्राची फिकीर नाही. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते हवेतून मिळवून देतात, आणि मुळं खडूच्या भेगांत खोल जातात. कोरड्या उन्हाळ्यात सगळा उतार करपलेला असताना ही हिरवी दिसते.

दुसरी गोष्ट मेंढ्या. लुइसशेजारच्या ग्लाइंडच्या जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथडाउन जातीची मेंढी नावारूपाला आणली. शेकडो वर्षं मेंढ्यांनी आणि पुढे सशांनी हे गवत खुरटं ठेवलं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये मिक्झोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली, ससे पटापट मेले, मेंढ्या आधीच कमी झाल्या होत्या. गवत वाढलं, मागोमाग झुडपं आली, आणि अडोनिस ब्लू कित्येक टेकड्यांवरून नाहीसं झालं. व्हेच गवताखाली अजून जिवंत होती तरीही! कारण त्या फुलपाखराच्या मादीला अंडी घालायला एक ते तीन सेंटिमीटर उंचीच्या गवतातली, ऊन लागून तापलेली रोपंच लागतात. कासच्या पठारावर कुंपण हवं की गुरं चरू द्यावीत, यावर आमच्या साताऱ्यात जे वाद झाले ते मला इथे चरणाऱ्या मेंढ्या पाहताना हमखास आठवतात. तिथे सगळे ज्याला 'मिकी माऊस' म्हणतात तो पिवळा कवला याच शेंगांच्या कुळातला आहे, आणि तोही पातळ मातीवरच सुखी असतो.

फुलपाखरं बघायची असतील तर

अडोनिस ब्लूच्या वर्षाला दोन पिढ्या: मे-जून आणि ऑगस्ट-सप्टेंबर. नर इतका झगझगीत निळा असतो की एकदा पाहिल्यावर विचारायची गरज पडत नाही. चॉकहिल ब्लू जुलै ते सप्टेंबर, फिकट, चंदेरी निळं. दोघांच्याही पंखांच्या पांढऱ्या झालरीला आडव्या काळ्या रेघा छेदतात. कॉमन ब्लूची झालर निव्वळ पांढरी. माद्या दोन्हींच्या तपकिरी, त्या ओळखायच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका. सकाळी दहानंतर, ऊन पडल्यावर जा. ढग आला की सगळी गवतात बसतात आणि तुम्हाला वाटतं टेकडी रिकामी आहे.

सुरवंट शोधायचा तर मुंग्या बघा. सुरवंटाच्या अंगातून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याच्याभोवती घुटमळतात, बदल्यात त्याची राखण करतात आणि कधी त्याला मातीने झाकूनही ठेवतात. व्हेचच्या रोपाच्या बुडाशी मुंग्यांची लगबग दिसली तर हात न लावता पाच मिनिटं बघत राहा.

बागेत लावायची असेल तर

पहिली गोष्ट: टेकडीवरून उपटून आणायची नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. राखीव क्षेत्रातून बीसुद्धा परवानगीशिवाय घेऊ नये. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सोटमूळ तुटल्यावर ते रोप जगत नाही. ब्रिटिश मूळ असलेलं बी विकणारे व्यापारी आहेत, त्यांच्याकडून चिमूटभर घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना पचायला जड जाते: खत नाही. शेणखत नाही, कंपोस्ट नाही, चहाचा चोथा नाही. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा रोज केळ्याची सालं घेऊन वाफ्याकडे निघायच्या, आणि मी रोज त्यांना गुलाबाकडे वळवायची. खत घातलंत की गवत आणि तण जिंकतात, व्हेच त्यांच्या सावलीत गुदमरते.

जागा दिवसभर उन्हाची हवी. एक मीटर बाय एक मीटर पुरे. वरची काळी माती फावड्याच्या पात्याएवढी खोल काढून टाका आणि भाजीच्या वाफ्यात वापरा. त्या खड्ड्यात चुनखडीची खडी भरा आणि वर फूटभर उंचवटा करा, दक्षिणेकडे उतरता. लंडनच्या चिकण मातीवर घर असेल तर खड्डा करूच नका, पाणी साठेल. सगळा ढीग जमिनीच्या वरच रचा. खडी बिल्डर्स मर्चंटकडे मिळते. 'टाइप वन' म्हणून मागितलीत तर ग्रॅनाइटची किंवा जुन्या काँक्रीटचीही हाती पडू शकते, म्हणून 'लाइमस्टोन' हा शब्द उच्चारा आणि खात्री करून घ्या. घरी आणल्यावर थोडा चुरा वाटीत घेऊन व्हिनेगर टाका. फसफसला नाही तर ती चुनखडी नव्हे. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात बारीक चुरा आणि थोडी जाड वाळू ठेवा, बी धरायला.

बी पेरायचं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किंवा मार्च-एप्रिलमध्ये. साल टणक असते. दोन सँडपेपरांच्या मध्ये बी धरून हलक्या हाताने घासा, चकाकी जाईपर्यंत, पीठ होईपर्यंत नव्हे. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जे फुगले ते पेरा. जे फुगले नाहीत ते मटकीतल्या गणंगांसारखे, पण टाकून देऊ नका. पुन्हा घासा, पुन्हा भिजवा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका.

मी स्वतः थेट वाफ्यात पेरण्यापेक्षा उंच, अरुंद कुंड्यांत रोपं करते. अर्धी चुनखडीची बारीक खडी, अर्धी साधी निकस माती. सोटमूळ खाली झपाट्याने जातं, उथळ ट्रेमध्ये ते वाकतं आणि पुढे रोप कधीच तरारत नाही. कुंडीच्या भोकातून मूळ डोकावलं की लगेच लावायचं, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. गोगलगायी हाच मोठा शत्रू. कोवळी रोपं त्या एका ओल्या रात्रीत साफ करतात, म्हणून संध्याकाळी टॉर्च घेऊन फेरी मारा. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा पाणी. त्यानंतर बंद. पहिल्या वर्षी बहुधा पानंच मिळतील, फुलांची वाट दुसऱ्या वर्षी बघा.

सोबत वाइल्ड थाइम, सॅलड बर्नेट, स्मॉल स्केबियस आणि हो, बर्ड्सफूट ट्रेफॉइलसुद्धा लावा. मार्जोरम दिसायला छान, पण सगळी जागा बळकावते. मी काढून टाकली. गवत हवंच असेल तर शीप्स फेस्क्यू. लॉनचं तयार मिश्रण टाकलंत तर त्यातलं रायग्रास दोन वर्षांत सगळं गिळेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी किमान फूटभर खोल कुंडी घ्यावी किंवा जुनं सिंक, खाली भोक असलेलं. बाल्कनी उत्तरेकडे तोंड करून असेल तर मात्र कोथिंबीर लावा, हा नाद सोडा.

आता मेंढीचं काम तुमचं. सप्टेंबरच्या अखेरीस, शेंगा फुटून बी पडल्यावर, कात्रीने सगळं चार-पाच सेंटिमीटरवर कापायचं. त्याहून खाली नको, कारण चॉकहिल ब्लूची अंडी रोपाच्या बुडाशी हिवाळाभर तशीच असतात. कापलेलं सगळं उचलून न्यायचं. तिथेच कुजू दिलंत तर ते खतच झालं. वसंतात कात्री लावायची नाही. मधेच हाताएवढी जागा खुरप्याने उकरून खडी उघडी ठेवा, नवं बी तिथेच रुजतं.

फुलपाखरं येतील का, हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. लंडनमधल्या हाउन्सलो किंवा हॅरोच्या बागेत अडोनिस ब्लू येणार नाही. ते आपली टेकडी सहसा सोडत नाही. मधमाश्या आणि भुंगे नक्की येतील, ट्रेफॉइल लावलीत तर कॉमन ब्लू येऊ शकेल. माझ्याकडे ऑगस्टमध्ये चॉकहिल ब्लूचे नर अधूनमधून डोकावतात, पण मॅलिंग डाउन हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. मादीने अंडी घातलेली मी अजून बघितलेली नाही.

शेंगा तपकिरी झाल्या की कोरड्या दिवशी दुपारी काढा, कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. माझ्या बागेतलं बी दरवर्षी उरतं. कोणाला हवं असेल तर ग्रुपवर कळवा, दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येईन. फक्त आधी चुनखडीची गोण आणल्याचा आणि व्हिनेगर फसफसल्याचा पुरावा पाठवा.